पट चोवीसच्या वर नको

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

जूनपासून हडपसरच्या दोन खोल्यांच्या केंद्राची, शाळा सुटलेल्या मुलांना दहावीला बसवणाऱ्या आपल्या संध्याकाळच्या वर्गाची, जबाबदारी तुझ्याकडे येतेय, आणि तू विचारलंस की यंदा पट चाळीस करू का. नको करूस. चोवीसवर थांब. अडचण बाकांची नाही, गैरहजेरीची आहे. चोवीस मुलांत एक जण आला नाही तर सव्वासातला हजेरी घेतानाच कळतं आणि वर्ग सुटायच्या आत त्याच्या घरी फोन जातो. चाळीसांत बुधवारी कोण नव्हतं हे सोमवारी लक्षात येतं. तोवर त्याने दुसरीकडे काम धरलेलं असतं. आठवी-नववीत शाळा सुटलेली मुलं परीक्षेच्या भीतीने फारशी गळत नाहीत. एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी "काल कुठे होतास?" हे सगळ्यांसमोर ऐकायची लाज वाटते, आणि आठवडा गेला की लाजही उरत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी घरी. फोनवर कारण विचारायचं नाही. "उद्या रचना काढायच्या आहेत, तुझा कंपास ठेवलाय" एवढंच. प्रत्येकाचे दोन नंबर लिहून घे, एक घरचा आणि एक काम देणाऱ्याचा किंवा शेजाऱ्याचा. रिचार्ज संपला की घरचा नंबर बंद पडतो, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळे नंबर लावून बघ. आणि शिक्षा म्हणून कुणालाही घरी पाठवू नकोस. त्याला तेच हवं असतं.

प्रवेशाच्या आठवड्यात प्रत्येकाला एकेकटं बसवून चौथीच्या मराठीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला दे, हातच्याची तीन अंकी वजाबाकी आणि एक अंकी भागाकार दे. इतरांसमोर मुळीच नको. नववीपर्यंत गेलेली कितीतरी मुलं जोडाक्षराशी अडतात आणि वजाबाकीत वरच्या शून्याला दचकतात. पहिले सहा आठवडे एवढ्यावरच घालव. पण दहावीची पुस्तकं पहिल्याच दिवशी हातात दे. सतरा वर्षांचा मुलगा चौथीचं पुस्तक घेऊन वस्तीतून चालत जाणार नाही. सहा आठवड्यांनंतरही तोंडी उत्तर फाडफाड येतं आणि कागदावर मात्र काहीच उतरत नाही, असं कुणी दिसलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घे. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण मंडळाची मान्यता परीक्षेच्या आधी लागते आणि रुग्णालयातली रांग लांबलचक असते. म्हणजे ऑगस्टमध्येच हालचाल.

आता १७ नंबरचा फॉर्म. खाजगीरीत्या दहावीला बसायला निदान पाचवी उत्तीर्ण आणि चौदा वर्षं पूर्ण लागतात. नोंदणी ऑनलाइन, साधारण पावसाळ्यात सुरू होते. मुदत टळली की विलंब शुल्क. मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि घोडं अडतं ते इथेच. जुनी शाळा फीची बाकी काढून दाखला अडवते, किंवा तो घर बदलताना हरवलेला असतो. मग दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र करावं लागतं. त्याहून चिवट भानगड नावाची. दाखल्यावर "शेख समिर", आधारवर "समीर शेख", जन्मतारखेत एका वर्षाचा फरक. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापून येतं ते जन्मभर चिकटतं, आणि नंतर दुरुस्त करायला निघालं की चपला झिजतात. फॉर्म भरण्याआधी दाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ.

फॉर्म भरला की मुलाला एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापन तिथे होतं. या तारखा कुणी घरी येऊन सांगत नाही, फळ्यावर लागतात आणि निघून जातात. लेखी नीट देऊन नापास होणारी मुलं बहुतेक इथेच गुण घालवून बसलेली असतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्यातून दोनदा तू स्वतः जाऊन फळा बघून ये.

गुणांचा हिशेब मुलांना दिवाळीआधीच समजावून सांग, धीर येतो. गणित आणि विज्ञान मिळून ७० हवेत, पण प्रत्येकात किमान २५. म्हणजे गणितात अंतर्गत २० पैकी १५ पडले, तर ८०च्या लेखीत १० मिळाले तरी २५ होतात. मात्र मग विज्ञानाने ४५ द्यायला हवेत. तीन भाषांचंही तसंच, एकूण १०५ आणि प्रत्येकीत किमान २५. मराठीत ४५, हिंदीत ३५ आले तर इंग्रजी २५वर निभावते. सामाजिक शास्त्रांना (इतिहास-भूगोल) मात्र असा जोडीदार नाही, तिथे ३५ एकट्याने काढायचे. आणि नेमका तोच विषय सगळे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. भूगोलात भारत आणि ब्राझील असे दोनच देश आहेत, दोघांचे नकाशे रोज दहा मिनिटं भरून घे. गणितात एकसामयिक समीकरणांपासून सुरुवात करू नकोस. संभाव्यता, सांख्यिकी, भौमितिक रचना आणि अर्थनियोजन आधी. दुकानात काम करणाऱ्या मुलाला जीएसटीचं बिल तुझ्यापेक्षा चांगलं कळतं, आणि फॅब्रिकेशनच्या शेडमधला मुलगा वर्तुळाला स्पर्शिका हात न थरथरता काढतो. हातातून डोक्यात जाणारा हा रस्ता नवा नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३पासून शाळा सुटलेल्या मुलांना असंच शिकवलं.

एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते. तिचा फॉर्म निकालानंतर लगेच भरावा लागतो, म्हणून निकालाच्या दिवशी केंद्र उघडं हवं. नापास झालेलं मूल त्या दिवशी घरी जाणं टाळतं.

बाबांचं मत थोडं वेगळं आहे. ते म्हणतात, अर्ध्या मुलांना सरळ एनआयओएसला, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला, बसव. पाच विषय, ३३ टक्के, वर्षातून दोन परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, गणित न घेताही दहावी. कडेवर बाळ असलेल्या मुलीला किंवा गणिताने हाय खाल्लेल्या मुलाला ते खरंच बरं. पण गणित सोडलं की पुढची काही दारं बंद होतात, हे आधी घरच्यांसमोर बोल. आणि नऊ संधी आहेत म्हटल्यावर "पुढच्या वेळी" म्हणायची सवयही लागते.

तुळशीचं लग्न लागलं की केटरिंगची मुलं गायब होतात, आणि तिथून परीक्षेला तीन-साडेतीन महिनेच उरतात. पंचांगातले विवाहमुहूर्त वेळापत्रकाशेजारी चिकटव आणि त्या दिवशी नवा धडा घेऊ नकोस. कायदा स्पष्ट आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना संध्याकाळी सात ते सकाळी आठ कामावर ठेवता येत नाही आणि विश्रांती धरून दिवसाला सहा तासांच्या वर काम देता येत नाही. तरी मालकाकडे थेट कायदा घेऊन गेलीस तर मुलाचं काम जाईल आणि तोही जाईल. आधी वेळेचं बोल. काम धोक्याचं असेल, फटाके, रसायनं, असलं काही, तर मात्र बोलणी नकोत, तक्रारच कर.

एखादी मुलगी "कुणाला सांगणार नाही ना?" म्हणाली तर हो म्हणू नकोस. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम १९नुसार कळवणं बंधनकारक आहे. "ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि तुला आधी सांगून" इतकंच म्हण. अल्पवयीन मुलीचं लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर चाइल्डलाइनचा १०९८ लाव. कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर त्याला एकटं सोडू नकोस आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. दोन्ही नंबर मुला-मुलींच्या स्वच्छतागृहातही चिकटव, तिथे ते निवांत वाचता येतात.

राहिलं खाणं. दिवसभर कामावरून आलेलं मूल नुसत्या चहावर साडेआठला पेंगतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही. चोवीस जणांना सव्वा किलो फुटाणे, अर्धा किलो गूळ, शनिवारी दोन किलोचे पोहे. वडापाव नको, वह्यांना तेल लागतं. आणि हे हजेरीच्या आधी वाट, नंतर नको. उशिरा येणाऱ्याचा वाटा झाकून ठेव.

तुझी,
आई