शिबिराच्या मध्यावर गट फोडल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
ट्रायथलॉन प्रशिक्षण शिबिर, नाशिक

विषय: एकच गट ठेवण्याचं आश्वासन मोडल्याबद्दल आणि धरणातल्या सरावाची सुरक्षा बोट काढून घेतल्याबद्दल

महोदय,

मी आपल्या चालू शिबिराची प्रशिक्षणार्थी आहे. शुल्क नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलं आहे. पावती आणि तुमचं माहितीपत्रक सोबत जोडलं आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गट राहील, पाण्यात प्रत्येकाला ठरलेला जोडीदार असेल आणि धरणातल्या प्रत्येक सरावाला सुरक्षा बोट असेल, असं त्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं आहे. शिबिर निम्म्यावर आलं आणि तुम्ही ही तिन्ही आश्वासनं मोडली.

एका शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली. वेगाप्रमाणे आमच्या तीन तुकड्या केल्या होत्या. वेगवान तुकडीला रविवारची पहाट, मुख्य प्रशिक्षक आणि बोट मिळाली. आम्हा मागे पडणाऱ्यांच्या वाट्याला आठवड्यातला एक वार आणि एक शिकाऊ प्रशिक्षक आला. आमच्यातले बहुतेक नोकरदार आहेत, त्या वारी येणं त्यांना जमत नाही, हे नोंदणीच्या अर्जावरून तुम्हाला ठाऊक होतं. कोणाला न विचारता सामायिक ग्रुपही बंद केलात. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, नंबर आहेतच ना एकमेकांचे? भेटत राहा."

हे उत्तर देणाऱ्याने आमच्यासोबत एकदा तरी पाण्यात उतरायला हवं होतं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये पहाटे उतरल्यावर तळ दिसत नाही, काठ लांब जातो आणि थंडीत पहिली काही मिनिटं श्वासच बसत नाही. जलतरण तलावात सरळ पोहणारा माणूस तिथे तिरका जातो, कारण तळाशी आखलेली काळी पट्टी नसते. दर काही हातांनी डोकं उचलून बोया, म्हणजे दिशा दाखवणारी तरंगती खूण, शोधावा लागतो. माझी जोडीदार सिव्हिलमध्ये नर्स आहे, कधीकधी रात्रपाळी उरकून थेट धरणावर येते. मी घाबरले की आधी माझा श्वास तोकडा होतो, हे तिला कळतं. ती बाजूला येऊन नुसतं "सोड, बाहेर सोड" म्हणते, आणि मी पाण्यात श्वास सोडायला लागते. ही ओळख व्हायला कित्येक पहाटा गेल्या. ती आता दुसऱ्या तुकडीत आहे. नव्या यादीत माझ्या नावापुढे जोडीदाराचा रकाना रिकामाच आहे.

सायकलचंही तेच. त्र्यंबक रस्त्यावर सिंहस्थाची कामं चालू आहेत, डंपर अगदी अंगाला घासून जातात. पूर्वी आम्ही एका रांगेत निघायचो. पुढचा माणूस वारा अंगावर घ्यायचा, खड्डा दिसला की हाताने दाखवायचा. ओझरहून येणारे निवृत्त काका मुद्दाम शेवटी राहायचे, कोणी मागे सुटू नये म्हणून. तळेगावजवळ एकाचं टायर चिरलं तेव्हा त्यांनी दहाची नोट दुमडून टायरच्या आत लावली, वर नवी ट्यूब बसवली, आणि तो मुलगा त्र्यंबकेश्वरला जाऊन परतही आला. सातपूरला कारखान्यात पाळीत काम करणारा तो मुलगा पुढे काकांच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला गेला. आम्ही बाकीच्यांनी डबे वाटून घेतले होते. हे काही तुमच्या वेळापत्रकात नव्हतं, पण ते घडलं तुमच्या शिबिरात, आम्ही रोज एकत्र होतो म्हणून. आता काका एका तुकडीत आणि तो मुलगा दुसऱ्या तुकडीत.

वेगवेगळ्या वेगाच्या लोकांना एकत्र शिकवणं अवघड असतं, हे मला मान्य आहे. तलावात वेगाप्रमाणे लेन वेगळ्या असाव्यात, ट्रॅकवरची वेगाची सत्रं वेगळी घ्यावीत, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पण आमच्यातले बहुतेक जण गोव्याच्या हाफ आयर्नमॅन या ट्रायथलॉन स्पर्धेची तयारी करत आहेत. तिथे समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं साडेआठ तासांच्या आत पूर्ण करायचं असतं. आम्हाला बक्षिसासाठी नाही, त्या मुदतीत पोहोचण्यासाठी शिकायचं आहे. सायकलवरून उतरून लगेच धावायला लागल्यावर पाय आपले राहत नाहीत, त्या पहिल्या दोन किलोमीटरला शेजारी पावलं मोजणारं कोणी असेल तर माणूस चालायला लागत नाही. हा ब्रिकचा सराव मी एकटीने करून पाहिला आहे आणि गटातही केला आहे. फरक माझ्या घड्याळात नोंदलेला आहे, हवा असल्यास पाठवते.

ज्या गावातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली दोघांचा संघ करून 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, त्या गावात दमसासाच्या खेळाला सोबत लागते हे तुम्हाला मी सांगावं लागतंय, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. पुढच्या शिबिराच्या जाहिरातीत तुम्ही आमचाच फोटो वापरला आहे. धरणाच्या काठावर ओल्या कपड्यांत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे असलेले आम्ही. खाली लिहिलं आहे, 'इथे जुळलेली नाती आयुष्यभर टिकतात'. ती नाती जुळली हे खरं आहे, त्यासाठी मी तुमच्या पहिल्या प्रशिक्षकांची मनापासून ऋणी आहे. पण तो गट तुम्ही मोडलात, आणि त्याच गटाच्या चेहऱ्यांवर नवे ग्राहक मिळवत आहात. फोटोसाठी कोणाचीही परवानगी घेतलेली नाही. तो लगेच काढावा.

पुढच्या रविवारपासून धरणातला पोहण्याचा सराव आणि सायकलची लांब फेरी पुन्हा सगळ्यांची एकत्र घ्यावी, मूळ जोड्या कायम ठेवाव्यात. काठावर माणसं कमी असोत की जास्त, बोट आणि प्रशिक्षित जीवरक्षक हजर असल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरवू नये. धरणात पोहण्यासाठी घेतलेल्या परवानगीची प्रत आम्हाला दाखवावी. नव्या वारामुळे ज्यांची सत्रं बुडाली, त्यांना ती भरून द्यावीत किंवा तेवढं शुल्क परत करावं. ज्यांना आता पुढे यायचंच नाही, त्यांच्या उरलेल्या सत्रांचे पैसे कापाकापी न करता द्यावेत. सामायिक ग्रुप पुन्हा सुरू करावा.

या पत्राचं लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावं. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. तत्पूर्वी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणार आहे. तिन्ही तुकड्यांतल्या सहकाऱ्यांनी हे पत्र वाचलं आहे आणि त्यांच्या सह्या शेवटच्या पानावर आहेत. वेगवान तुकडीतल्यांनीही सह्या केल्या आहेत.

आपली,
शिबिरातील एक प्रशिक्षणार्थी,
इंदिरानगर, नाशिक

सोबत: शुल्काची पावती, माहितीपत्रक, तुकड्यांच्या यादीचा स्क्रीनशॉट, जाहिरातीची प्रत, सह्यांचं पान