आई-बाबांना, पेरिसबर्गहून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा रेंज गेली आणि आईचा प्रश्न अर्धाच राहिला. फोटोत सॅक एवढीशी कशी, बाकीचं सामान कुठे गेलं, थंडी पडली तर काय करशील? आज अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, पेरिसबर्ग गावात मुक्काम आहे, कपडे धुवायला टाकलेत, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर बाबांना हे नीट ऐकू येणार नाही.

सामान सुखरूप आहे. थोडंथोडं करून मैत्रिणीच्या घरी पोस्टाने पाठवलंय.

मार्चमध्ये जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनवरून अ‍ॅपलाचियन ट्रेल या डोंगरातल्या लांब पायवाटेने निघाले तेव्हा सॅक साडेसतरा किलोची होती. त्यात पाच दिवसांचं खाणं साडेचार किलो आणि पाणी दोन किलो. या दोन गोष्टी कमी करता येत नाहीत. चालणाऱ्याला दिवसाला पाऊण-एक किलो अन्न लागतंच, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. उरलेले अकरा किलो मात्र आपल्या हातात असतात. आता ते सहा झालेत. मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरापर्यंतची ही वाट साडेतीन हजार किलोमीटरची आहे. बाबा, तुमचे गुडघे कशाने गेले ते मी पाहिलंय. उतारावर प्रत्येक पावलाला तो भार गुडघ्यावर येतो, त्यामुळे पाच किलो उतरवणं मला औषधापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

सुरुवातीपासून पन्नास किलोमीटरवर नील गॅप नावाची खिंड आहे. तिथे महामंदीच्या काळात बांधलेली एक दगडी इमारत आहे आणि ट्रेल चक्क तिच्यामधून जाते. आत गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान आहे. तिथली माणसं तुमची अख्खी सॅक रिकामी करून एकेक वस्तू हातात घेतात आणि विचारतात, ही तुम्ही गेल्या तीन दिवसांत वापरलीत का? बाहेरच्या झाडावर लोकांचे जुने बूट लटकलेत. स्टीलचा डबा, जाड टॉवेल, कपड्यांचे जादा जोड आणि जाड प्लास्टिकची बाटली मी तिथूनच पाठवली. ती रिकामी बाटली १८० ग्रॅमची होती. दुकानात मिळणारी साधी पाण्याची बाटली ४० ग्रॅमचीही नसते आणि महिनोन्‌महिने टिकते.

खरी बचत तंबू, स्लीपिंग बॅग आणि सॅक या तीन वस्तूंत होते. नवा तंबू एक किलोचा आहे. त्याला स्वतःचे खांब नाहीत, माझ्या चालायच्या काठ्यांवरच तो उभा राहतो. आत दव फार साचतं आणि सकाळी ते पुसावं लागतं, पण दीड किलोच्या बदल्यात मला ते मंजूर आहे. सॅक सगळ्यात शेवटी बदलली, कारण आत काय राहणार ते ठरल्याशिवाय सॅकचा आकार ठरत नाही. चामड्याचे घोट्यापर्यंतचे बूट गेले, धावायचे बूट आले. पाऊस इथे रोजचाच. चामडं दोन-दोन दिवस ओलं राहून पायाला फोड आणतं, हे बूट चालता-चालता वाळतात. झिजतात लवकर, सहा-सातशे किलोमीटरला नवे घ्यावे लागतात. पावलंही पसरलीत, त्यामुळे एक नंबर मोठे घेतले.

आता थंडीचं. आई, हे नीट वाच. जाड स्लीपिंग बॅग मी घाई करून पाठवलेली नाही. ग्रेसन हायलँड्स आणि माउंट रॉजर्सच्या पठारावर, जिथे रानटी तट्टं मोकळी चरतात, तिथे मे महिन्यातही बर्फ पडू शकतो. तो भाग मागे टाकल्यावरच मॅरियन गावच्या पोस्टातून ती परत पाठवली आणि हलकी उन्हाळी घेतली. पुढे न्यू हॅम्पशायरमध्ये व्हाइट माउंटन्स सुरू होण्याआधी ग्लेनक्लिफला ती मला परत मिळेल. तिथल्या माउंट वॉशिंग्टनवर १९३४ साली ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला होता, त्यामुळे तिथे हलकेपणाचा हट्ट मी धरणार नाही. जाड बॅग मावेल हे बघूनच सॅक घेतलीय. बाबा, तुमच्या दिंडीचा ट्रक जसा पुढच्या मुक्कामी सामान घेऊन हजर असतो, तसं इथे पोस्ट आहे. आपलं नाव घालून पुढच्या गावाच्या पोस्टात खोकं पाठवायचं, ते सांभाळून ठेवतात.

काही वस्तूंना मी हातही लावला नाही. पावसाचं जाकीट, फक्त झोपताना घालायचे कोरडे कपडे, डोक्याला लावायची बॅटरी, औषधं, पाण्याचा फिल्टर. कोरड्या थंडीपेक्षा चार-पाच अंशांतला पाऊस आणि वारा जास्त घातक असतो. दिवसभर भिजले तरी रात्री अंगावर कोरडं असलं पाहिजे. फिल्टर गोठला तर आतून फुटतो आणि बाहेरून कळतही नाही, म्हणून थंड रात्री तो माझ्याबरोबर पांघरुणातच झोपतो.

आई, तुझी शाल मात्र पाठवली. चारशे ग्रॅम होती आणि पिसांचं जाकीट तेवढी ऊब तीनशेत देतं. पाठवताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तिच्यासाठी खोक्यात वेगळी पिशवी केलीय.

तुझ्यासाठी एक गोष्ट ठेवलीय. १९५५ मध्ये एमा गेटवुड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या बाईंनी ही अख्खी वाट एकटीने चालून पूर्ण केली. अकरा मुलांची आई. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. मी तितकं कमी सामान घेऊन चालणार नाही, पण चढावर दम लागला की मला त्या आठवतात.

मेतकूट संपत आलंय. गरम पाण्यात फुगणाऱ्या भातावर ते घालते तेव्हा शेजारच्या तंबूतली माणसं वास घेत येतात. जूनमध्ये ताईच्या नणंदा इकडे येताहेत, त्यांच्याबरोबर मेतकूट आणि डिंकाचे लाडू पाठव. तूप-खोबऱ्यामुळे थोड्या वजनात भरपूर ताकद मिळते, इथल्या चॉकलेटांनी मी कंटाळलेय. फक्त डब्यात भरू नकोस, साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भर आणि वरून दोन रबर लाव. बाबा, लाडवांचं वजन करून पिशवीवर लिहाल का?

तुमची,
मनू