सगळं ऐनवेळी ठरत नाही

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पानावरच्या लेखात ‘कोणतं काम आधी करायचं हे चिप क्षणोक्षणी ठरवते’ असं सरसकट विधान आहे. फोनमधल्या ॲपपुरतं ते ठीक. पण मी महापेच्या एका कंपनीत आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिपचे प्रोग्रॅम लिहीत निवृत्त झाले. तिथं कामांचा क्रम यंत्र सुरू होण्याआधीच कागदावर ठरवता येतो.

पटत नसेल तर गणेश चतुर्थीला आमच्या ऐरोलीच्या स्वयंपाकघरात या. एका उकडीचे नऊ मोदक होतात आणि मोदकपात्रात एका वेळी १५ बसतात. अर्धं पात्र वाफेवर ठेवायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. म्हणजे पाच उकडी, तीन वेळा पात्र, ४५ मोदक, की हिशेब पुन्हा शून्यावर. पण पाचही उकडी आधी उरकल्या तर ताटात ४५ मोदक वाळत बसतात आणि तडकतात. त्याऐवजी दोन उकडी, पात्र. दोन उकडी, पात्र. एक उकड, पात्र असं केलं तर ताटात एका वेळी २१ च्या वर मोदक कधी साठत नाहीत. (हा आकडा गणितातून आला आहे, भक्तीतून नाही.)

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले एडवर्ड ली आणि डेव्हिड मेसरश्मिट यांनी १९८७ साली हाच हिशेब सिग्नल प्रोसेसिंगसाठी, म्हणजे आवाजासारख्या सिग्नलवर प्रक्रिया करण्यासाठी, नीट मांडला. प्रत्येक टप्पा एका खेपेला किती नमुने (ठरावीक अंतरानं घेतलेली सिग्नलची मापं) घेतो आणि किती देतो हे आकडे पक्के असतील, तर कोणी किती वेळा चालायचं, कोणत्या क्रमानं आणि मध्ये किती मेमरी लागेल, हे सगळं आधीच काढता येतं. आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर तेही तिथंच कळतं.

हे न केल्याचं फळ आम्ही चाखलं आहे. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा. तो ४८,००० च्या यंत्रात न्यायचा, म्हणजे १४७ नमुने आत आले की १६० बाहेर जायला हवेत. कुणीतरी प्रोग्रॅममध्ये १६० भागिले १४७ ऐवजी १.०८८ लिहून ठेवलं. तीन दशांश स्थळं पुष्कळ झाली, या हिशेबानं. स्पीकरमधून अधूनमधून ‘टक्’ यायचं. आधी केबल बदलली, मग अर्थिंग तपासलं, शेवटी एमआयडीसीच्या विजेला शिव्या घालून झाल्या. मग मी घड्याळ लावून बसले, तर टक् बरोबर ५३ सेकंदांनी! दर सेकंदाला १९ नमुने कमी पडत होते आणि १,०२४ नमुन्यांचा साठा तेवढ्या वेळात रिता होत होता. कागदावर दोन्ही दरांची, खऱ्या १६०/१४७ ची आणि लिहिलेल्या १.०८८ ची, समीकरणं शेजारी मांडली, तर दोन्ही खरी ठरायला एकच उत्तर होतं: सगळ्यांनी शून्य वेळा काम करायचं. दशांश काढून १६० आणि १४७ हेच आकडे घातले, टक् गेलं. साहेबांनी विचारलं, कोणती नवी चिप बसवलीत?

जिथं पुढं किती माल निघणार हे आलेला माल उघडल्यावरच कळतं, उदाहरणार्थ दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडताना, तिथं हा हिशेब जसाच्या तसा चालत नाही. तिथं लेखकाचं म्हणणं मान्य. पण सरसकट नको, एवढी दुरुस्ती छापावी.

ता. क. सूनबाई यंदा १६ मोदकांचं पात्र आणू म्हणतेय. एकच मोदक जास्त, पण नऊ आणि १६ यांना एक सोडून सामाईक भाजक नाही. हिशेब शून्यावर यायला १६ उकडी आणि १४४ मोदक लागतील. मी जुनंच पात्र घासून ठेवलं आहे.

— एक निवृत्त अभियंता, ऐरोली, नवी मुंबई