शुक्रवार सकाळचा फोन

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार,

आई, शुक्रवारी सकाळी मी फोन घेत नाही म्हणून तू रुसतेस, आणि बाबा तर थेट "सट्टा खेळतेस का?" विचारून मोकळे झाले. म्हणून हे सविस्तर.

सरकारला लागणारं कर्ज रिझर्व्ह बँक रोख्यांचा लिलाव करून उभं करते. आमची कंपनी त्यातली प्रायमरी डीलर, म्हणजे न खपलेले रोखे घेण्याची हमी देणारी. ही पद्धत १९९५ साली ठरली. मार्केट यार्डात भाव पटला नाही तर व्यापारी हात झटकून चालू लागतो. आम्हाला ती मुभा नाही. लिलावाच्या दिवशी, म्हणजे बहुधा शुक्रवारी, सकाळी नऊ ते साडेनऊ, ठरलेल्या हमीखेरीज जास्तीची हमी किती आणि कोणत्या कमिशनवर घेणार ते सांगायचं. साडेदहा ते साडेअकरा बोली. बोली कमी पडल्या किंवा मागितलेला भाव रिझर्व्ह बँकेला पटला नाही, की उरलेले रोखे आमच्या गळ्यात. त्याला डिव्हॉल्व्हमेंट म्हणतात. कमिशन शंभर रुपयांमागे पैशांत, आणि दुपारी भाव पडला तर तोटा रुपयांत! १ एप्रिल २००६ पासून कायद्याने रिझर्व्ह बँक स्वतः या लिलावात रोखे घेत नाही, त्यामुळे हमीचा भार आमच्यासारख्यांवरच. अशा वेळी "भाजी काय केलीस?" याचं उत्तर कसं देऊ, सांग.

आता बाबांच्या पीएफच्या पैशांचं. २०२१ पासून रिटेल डायरेक्ट या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर तुम्हाला घरबसल्या थेट तिच्याकडे रोख्यांचं खातं उघडता येतं. दहा हजारांपासून रोखे मिळतात. भावही सांगावा लागत नाही. मोठ्यांच्या बोलीतून निघालेल्या सरासरी भावाने मिळतात. मध्येच विकायचे झाले तर छोट्या खातेदारांसाठी भाव देत राहणं हेही आम्हा डीलरांचंच काम.

पण बाबा, "सरकारी आहे, बुडणार नाही" एवढ्यावर तीस वर्षांचा रोखा घेऊ नका. व्याज बुडत नाही हे खरं, भाव मात्र हलतो. सात टक्क्यांचा तीस वर्षांचा रोखा शंभराला घेतलात आणि बाजारात नव्या रोख्यांचा व्याजदर आठ टक्के झाला, तर तो विकायला गेल्यावर ८९च्या आसपास मिळतील. मुदतीपर्यंत थांबलात तर पूर्ण शंभर, पण तोवर तुम्ही शंभरी ओलांडलेली असेल! आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलात, म्हणजे सरकारच्याच कमी मुदतीच्या रोख्यात टाका, बाकीचे पाचेक वर्षांच्या रोख्यात. दर पुढे चढतील की उतरतील ते मात्र मला विचारू नका. ते आमच्या नोकरीच्या नियमात बसत नाही, आणि खरं तर कळतही नाही.

खातं दोघांच्या नावे उघडा. पॅन, आधार आणि बँकेचे तपशील काढून ठेवा, रविवारी व्हिडिओ कॉलवर एकत्र फॉर्म भरू.

तुमची,
मनू