आजीच्या निळ्या बशा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू न बोलताच गेलीस. माळ्यावरची पेटी रिकामी दिसली तेव्हा कळलं, आजीच्या फुटक्या निळ्या बशा नेल्यास. त्याचं काही नाही गं, वाड्यातून आणल्यापासून पडूनच होत्या. पण काल फोनवर सारखी खोकत होतीस.

पेंडंटसाठी ते तुकडे कोरडेच घासतेस ना मशिनवर? पाणी सोडून घासावं. दिसते ती धूळ खाली तरी बसते, न दिसणारी छातीत जाते. त्या धुळीतली सिलिका, म्हणजे वाळूचीच बारीक पूड, एकदा फुप्फुसात बसली की निघत नाही. नाना खडी क्रशरवर होते, त्यांचं शेवटचं वर्ष तू पाहिलंयस. ओढणी बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लाव. खिडकी उघडी ठेव. रात्री जागून...

झालं, लागले शिकवायला. माफ कर.

शकूच्या लग्नात तुझं पेंडंट घातलं होतं. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "जयपूरचं का?" म्हटलं, "आमच्या मनूचं." घरी येऊन बाबांच्या भिंगातून पाहिलं. तुकड्यावरच्या चित्रातली पुलावरची ती तीन माणसं, सगळी बारीक ठिपक्यांची. म्हणजे विलायती छापाची बशी, तूच सांगितलेलंस. हातानं रंगवलेली असती तर रेघेच्या टोकाला निळा साचून गडद झाला असता. चांदीची कड कुठंच टोचत नाही, इतकी साफ बसवलीस. म्हणजे किती वेळ घासत बसली असशील त्या धुळीत!

दौलताबादला चिनी महालापाशी मी सांगत होते, 1687 ला गोवळकोंडा पडला अन् औरंगजेबानं तिथल्या सुलतानाला, तानाशाहाला, इथं आणून कोंडलं. तुझं लक्ष भिंतीकडं. बाकीच्या निळ्या फरशा कुठं गेल्या, एवढंच विचारत राहिलीस. खाली पडलेला कपचा उचललास, तो मी परत ठेवायला लावला, तर बसस्टँडपर्यंत रडलीस. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, बँकेच्या परीक्षा काही तुझ्या नाहीत.

बाबांचं मनावर घेऊ नको. ते रागानं बोलले, पण पेंडंटचा फोटो त्यांनीच सगळ्या ग्रुपवर टाकलाय.

सुमनमावशी रविवारी पुण्याला येतेय. तिच्याजवळ धपाटे, शेंगदाण्याची चटणी अन् मास्कचा डबा देते. खोकला आठवड्यात नाही थांबला तर छातीचा एक्स-रे काढून घे. पाण्यावर घासायचं मशिन केवढ्याला मिळतं ते कळव, बाबा विचारत होते.

तुझी,
आई