विषय: 'अझो-मुक्त' झबल्याचा जाणारा रंग आणि तुमचा पांढऱ्या कापडाचा अहवाल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या हेल्पलाइनवर आत्ताच फोन आपटला गेला, तिकडून. म्हणून हे लेखी.

गडद निळ्या झबल्यांचा जोड, 6 ते 12 महिने. ऑर्डर क्रमांक बिलावर आहे. मुलीच्या लाळेने रंग सुटला, हनुवटी निळी झाली, गळ्यावर पुरळ आलं. मी एवढंच विचारलं की लेबलवर 'अझो-मुक्त', म्हणजे घातक अझो रंग नसलेलं, असं कशावरून छापलंत? उत्तर आलं, "मॅडम, बाळाला कपडा चोखू देऊ नका ना." मी म्हटलं, या वयाचं बाळ कपडा चोखणार नाही तर काय, इस्त्री करणार? त्यावर शांतपणे, "गडद रंग पहिल्या धुण्यात जातोच. मिठाच्या पाण्यात भिजवा." बाळाला की झबल्याला, ते विचारायचं राहिलं. मग "अजून काही मदत करू शकतो का?" अजून! आधी कुठली केली होती?

रंग गेला म्हणजे तो विषारीच, असं मी म्हणत नाही. कच्चा रंग वेगळा, घातक रंग वेगळा. अझो हा कृत्रिम रंगांचा एक गट, त्यातले सगळेच वाईट नसतात. जे फुटून बेंझिडीनसारखी कॅन्सरकारक रसायनं, म्हणजे अमाइन्स, सोडतात, ते वाईट. आपल्याकडे 1997 पासून अशा रंगांवर बंदी आहे. युरोपात 22 अमाइन्ससाठी प्रत्येकी किलोमागे 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. निर्यातीचा माल पाठवताना तुम्हाला हे सगळं पाठ असणार.

आणि मागे लागून मिळवलेला तो अहवाल! नमुन्याचं वर्णन: 'पांढरं सुती कापड, न रंगवलेलं.' निकाल: घातक अमाइन्स आढळली नाहीत. आढळतील कशी? रंगच नाही तर! हा अहवाल निळ्या झबल्याचा म्हणून पाठवताना कुणालाच काही वाटलं नाही? घामाने, लाळेने रंग सुटतो का, याची चाचणी तर त्यात नावालाही नाही.

मला याच लॉटच्या रंगवलेल्या कापडाचा आयएस 15570 (घातक अझो रंग तपासायचं भारतीय मानक) प्रमाणे केलेला अहवाल हवा, आणि पैसे परत. पांढऱ्या कापडाचा पुन्हा पाठवू नका. मोठीचे सगळे कपडे तुमच्याकडूनच घेतले होते. आता ते कपाटातून काढून बघत बसले आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर जोडातला न वापरलेला झबला केंद्र सरकारच्या वस्त्र समितीच्या प्रयोगशाळेत जाईल, आणि निकालासकट जिल्हा ग्राहक आयोगात. चाचणीचा खर्चही तुमच्याकडेच मागेन.

सोबत: बिल, लेबलचा आणि गळ्यावरच्या पुरळाचा फोटो, तुमचा अहवाल.