आधी द्राक्षाचे रान राखा, मग पर्यटक बोलवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यावरचा लेख आमच्या घरात सगळ्यांनी वाचला. फोटो सुंदर होते. धुक्यावर तरंगणारे फुगे, वाईन ट्रेन, कॅलिस्टोगाचे गरम पाण्याचे झरे, यांटविलची हॉटेले, सगळे आले. हे खोरे आजवर द्राक्षाचेच कसे राहिले, एवढे मात्र आले नाही. वर शेवटच्या परिच्छेदात लेखक म्हणतात, की वेरूळ-अजिंठ्याचा पर्यटक जालन्याच्या द्राक्षपट्ट्यात वळवला, रिसॉर्ट आणि डेस्टिनेशन वेडिंग आणले, की 'मराठवाड्याचे नापा' तयार. मी जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावाजवळ द्राक्ष करतो. तो परिच्छेद वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

लेखात १९७६ च्या पॅरिसच्या चाचणीचे वर्णन आहे. बाटल्यांवरची नावे झाकून घेतलेल्या त्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी स्वतःच्या देशाच्या वाईन मागे टाकून नापाच्या वाईनला पहिला नंबर दिला, हे खरे आहे. पण त्याच्या आठ वर्षे आधी, १९६८ मध्ये, नापा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, खोऱ्यातली शेतजमीन राखीव केली. त्या जमिनीचे २० एकरांपेक्षा लहान तुकडे पाडायचे नाहीत, असा नियम झाला. पुढे ही मर्यादा ४० एकरांवर नेली. सॅन फ्रान्सिस्को तिथून तास-दीड तासावर. शहर सरकत येत होते, घरबांधणीवाले टपलेले होते, आणि खुद्द शेतकऱ्यांमध्येही या नियमाला विरोध होता. तरी तो झाला. १९९० मध्ये तर लोकांनी मतदान करून ठरवले, की शेतीच्या जमिनीचा वापर बदलायचा तर मतदारांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही. २००८ मध्ये त्याची मुदत २०५८ पर्यंत वाढवली. जेमतेम ५० किलोमीटर लांबीच्या त्या खोऱ्यात वर्षाला ३५ लाखांहून जास्त माणसे येतात, ती वेलींच्या ओळी बघायला येतात. त्या वेली १९६८ च्या निर्णयामुळे उभ्या आहेत. आणि ज्या लग्नांचे स्वप्न लेखक आम्हाला दाखवतात, ती तिथल्या बहुतेक वायनरींमध्ये लावताच येत नाहीत. नियमच तसा आहे.

आता आमच्याकडची गोष्ट ऐका.

माझ्या बागेला लागून शेजाऱ्याचे रान होते. दोन मुलींची लग्ने आणि सोसायटीचे कर्ज, त्याने विकले. त्याला मी दोष देत नाही. घेणाऱ्याने प्लॉटचा लेआउट पाडला आणि ऐन जानेवारीत रस्त्यासाठी मुरूम आणायला सुरुवात केली. मण्यांत पाणी उतरून साखर भरायचे ते दिवस. बागाईतदार त्या दिवसांत पाहुण्यालासुद्धा घडाला हात लावू देत नाही, कारण मण्यावर मेणासारखा जो पांढुरका थर असतो, तो बोट लागले तरी पुसतो आणि व्यापारी पहिल्यांदा तोच बघतो. आमच्या बांधाजवळून दिवसभर डंपर जायचे. पाणी मारायला एक टँकर ठेवा म्हणून हात जोडले. "उद्या ठेवतो" असे उत्तर रोज मिळाले. बायकांनी रस्त्याकडच्या ओळींतल्या घडांना रद्दीचे कागद लावले, बांधाला शेडनेट बांधली. तरी मांडवाखाली गेले की पानावर बोटाने नाव लिहावे एवढी धूळ. घड धुवायची सोय नसते. थर जातो, मण्यांच्या फटीत पाणी राहते आणि आतून कूज सुरू होते.

व्यापारी आला, मधल्या ओळींत शिरला, रस्त्याकडे आला, एक घड हातात धरून उन्हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, माल गोड हाय, पण ह्यो धुळीचा माल दिल्लीत कोण घेणार?" त्या बाजूचा सगळा माल शेवटी बेदाण्याच्या भावात गेला. वर्षभर खरड छाटणी, फळछाटणी, विरळणी, डीपिंग (घड औषधात बुडवणे), औषधांच्या उधाऱ्या, सगळे करून. लेआउटवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "काका, बाग काढून टाका. तुमच्या रानाला पण चांगला भाव देतो." त्याला खरेच वाटत होते, की तो माझे भले करतोय. हे मला अजून विसरता येत नाही.

तक्रार करायला गेलो तेव्हा कळले, की फळबागेशेजारी धूळ उडवू नये असे सांगणारा नियम कुणाच्याच टेबलावर नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत बागायत जमिनीच्या खरेदी-विक्रीची किमान मर्यादा १० गुंठ्यांवर आणली. तिकडे ४० एकर, इकडे १० गुंठे. ४० एकरांचा नियम इथे चालणार नाही, हे मलाही कळते. आमची धारणाच दोन-चार एकरांची, आणि अडल्या शेतकऱ्याला विकायची सोय हवीच. पण द्राक्षाची सलग गावे निवडून तेवढ्या शिवारापुरते तरी एनए (शेतजमीन बिनशेती करणे) थांबवता येईल, निदान माल उभा असताना मुरुमाची वाहतूक बंद ठेवता येईल. याबद्दल एक ओळ तरी लेखात हवी होती. त्याच पानाच्या तळाला मात्र 'द्राक्षमळ्यांच्या कुशीत फार्महाऊस प्लॉट' ही जाहिरात होती. संपादक महोदय, ते मळे कुणाचे आहेत आणि प्लॉट पडल्यावर ते कुठे जातील, एवढे आपण विचारायला हवे होते.

कडवंचीचे नाव लेखात दोनदा आले, पण तिथले पाणी कसे आले हे नाही. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने, लोकांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, नंतर शेततळी घेतली. २०१२ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेव्हा तिथली द्राक्षे शेततळ्यांवर तगली. रिसॉर्टचे तरणतलाव याच पाण्यावर भरणार का, तेही लेखकांनी सांगावे. शिवाय आमची द्राक्षे खायची आहेत. वाईनची जात वेगळी, मणी बारीक, साल जाड, बिया भरपूर. वायनरी बांधली म्हणून सोनाका आणि माणिक चमन या आमच्या खायच्या जातींची नापासारखी वाईन होत नाही.

पर्यटक येऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. जरूर यावेत. बांधावर उभे राहून घड बघावा, गोडी चाखावी, पेटी विकत घ्यावी, आम्हाला आनंदच आहे.

आणखी एक. हंगामात आपल्या बाजारभावाच्या रकान्यात नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षांचे दर रोज असतात, जालन्याचे कधीच नसतात. दर माहीत नसल्याने आमचे लोक पहिल्या व्यापाऱ्याला माल देऊन मोकळे होतात. येत्या फेब्रुवारीपासून ते छापावेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागाईतदार, ता. जि. जालना